तलावाच्या काठावरची परत टाकी : परके मासे रोखण्याच्या एका प्रयत्नाचे प्रकरण

मुंबईच्या पूर्व उपनगरात, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या उतारावरून येणाऱ्या एका ओहोळावर बांध घालून फार पूर्वी तयार केलेला एक लहान तलाव आहे. या लेखात त्याचे नाव मी मुद्दाम दिलेले नाही. नाव छापून आले की ‘तिथे मासे मोठे आहेत’ एवढीच बातमी पसरते आणि पुढच्या रविवारी गळ घेऊन येणाऱ्यांची गर्दी होते, हे एक कारण. आणि ज्यांच्या हातून या तलावात परके मासे आले ते सगळे आमचे शेजारी, ओळखीचे आणि बहुतेक वेळा चांगल्या हेतूने वागणारे लोक आहेत, हे दुसरे. मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते आणि तलावाभोवतीच्या रहिवाशांनी स्थापन केलेल्या समितीत गेली काही वर्षे काम करते. या काळात आम्ही काय पाहिले, कोणते उपाय केले, त्यांतला कोणता फसला आणि कोणता टिकला, हे इतर तलावांच्या काठी राहणाऱ्यांना उपयोगी पडावे म्हणून सविस्तर नोंदवत आहे.

जाळ्यात आलेला मासा

प्रकरणाची सुरुवात एका मे महिन्यात झाली. पाणी आटून तलाव निम्म्यावर आला होता आणि डोंगराकडच्या पाड्यावरचे एक वारली गृहस्थ, ज्यांना आमच्याकडे सगळे बाबा म्हणतात, नेहमीप्रमाणे सकाळी पाग, म्हणजे हाताने फेकायचे जाळे, टाकायला आले होते. दुसऱ्याच फेकीत पाग जड लागली. ओढून काठावर घेतली तेव्हा तिच्यात फूटभर लांबीचा, काळपट तपकिरी रंगाचा मासा अडकलेला होता. त्याच्या अंगावर खवले नव्हते. डोक्यापासून शेपटीपर्यंत कौले रचावीत तशा कठीण पट्ट्यांच्या ओळी होत्या. तोंड पुढे नसून खालच्या बाजूला, वाटी उपडी घालावी तसे होते, आणि पाठीवरचा पर उघडून त्याचा काटा त्याने असा ताठ केला होता की जाळ्याचा धागा सोडवता सोडवेना. शेवटी बाबांनी कोयतीने जाळे कापले.

“ताई, हा मासा नाय, काटेरी दगड हाय,” ते म्हणाले. “ना खायला, ना इकायला. जाळं मात्र गेलं.”

तो मासा होता सकर, शास्त्रीय भाषेत टेरिगोप्लिक्थिस या प्रजातीसमूहातला, मूळ दक्षिण अमेरिकेतला. घरोघरच्या काचेच्या टाक्यांत शेवाळ खाऊन काच साफ ठेवतो म्हणून तो विकला जातो. दुकानात असतो तेव्हा तो बोटाएवढा असतो. मोठा होऊन फूट-दीड फुटाचा होईल, हे विकत घेणाऱ्याला कोणी सांगत नाही. बाबांनी तो सावलीत गवतावर टाकून दिला आणि दुपारी मी पुन्हा काठावर गेले तेव्हा तो अजून जिवंत होता. हा मासा हवा गिळतो आणि त्याच्या पोटाच्या रक्तवाहिन्यांनी भरलेल्या अस्तरातून प्राणवायू शोषून घेतो, त्यामुळे पाण्याबाहेर तो तासन् तास तग धरतो आणि ज्या सडक्या, प्राणवायू संपलेल्या पाण्यात इतर मासे उलटे तरंगू लागतात तिथेही तो जगतो. हे मी पुस्तकात वाचले होते. डोळ्यांनी त्या दिवशी पाहिले.

त्यानंतर आम्ही बाबांना विचारायला लागलो की पूर्वी या पाण्यात काय काय मिळत असे. त्यांनी बोटांवर मोजत नावे सांगितली : खवली, शिंगटा, मरळ, देशी मांगूर, पावसाच्या तोंडाला ओहोळातून वर चढणारे वलगणीचे बारीकसारीक मासे. आता मात्र पाग टाकली की चिलापीच येते, आणि मधूनच असा एखादा जाळे फाडणारा.

चिलापी आणि सकर : दोन वेगळ्या तऱ्हा

या दोन माशांचा उपद्रव एकाच शब्दात सांगितला तर उपाय चुकतो, म्हणून थोडे थांबून लिहिते. चिलापी, म्हणजे मूळ आफ्रिकेतील टिलापिया, भारतात १९५२ मध्ये मुद्दाम आणली गेली, कारण ती लवकर वाढते आणि कुठल्याही पाण्यात रुजते. याच गुणांमुळे ती पुढे डोईजड झाली, आणि १९५९ मध्ये मत्स्यसंशोधन समितीने तिचा आणखी प्रसार थांबवण्याचा निर्णय घेतला. पण तोवर ती देशभरातल्या पाण्यांत पोहोचली होती. मे महिन्यात आमच्या तलावाच्या उथळ काठावर उभे राहिले की गाळात ताटाएवढे गोल खळगे शेजारी शेजारी दिसतात. ती चिलापीच्या नराने तोंडाने आणि शेपटीने उकरलेली घरटी असतात. मादी तिथे अंडी घालते आणि लगेच तोंडात घेते, पिल्ले बाहेर पडून पोहू लागेपर्यंत तोंडातच सांभाळते, आणि वर्षातून अनेकदा असे करते. आता खवलीशी तुलना करावी. खवली पावसाळ्यात, काठावरच्या बुडालेल्या गवताला आणि पाणवनस्पतींना चिकटवून अंडी घालते आणि निघून जाते. त्या अंड्यांना राखण नसते. वर्षभर पिल्लावळ वाढवणारा आणि दुसऱ्याची अंडी खाणारा एक मासा आणि वर्षातून एकदाच, तेही उघड्यावर अंडी घालणारा दुसरा मासा एकाच दोन-तीन एकरांच्या पाण्यात कोंडले, तर काय होणार ते सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

सकराची तऱ्हा निराळी आहे. तो इतरांना फारसा खात नाही. तो तळाचे शेवाळ आणि गाळातले अन्न खरवडतो, त्याबरोबर तळाला चिकटलेली अंडीही जातात, आणि मुख्य म्हणजे त्याचा नर अंड्यांसाठी काठाच्या मातीत आडवी बिळे करतो. आमच्या बांधाच्या आतल्या बाजूला पाणी उतरल्यावर अशी बिळे उघडी पडली. मी एकात हात घातला तो कोपरापर्यंत आत गेला. मातीच्या बांधाला अशी बिळे पडली की प्रत्येक पावसाळ्यात थोडी थोडी माती ढासळते. मासा बांध पोखरतो हे ऐकून समितीतल्या ज्या मंडळींना खवलीबद्दल काही वाटत नव्हते तीही सावरून बसली, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे.

मासे येतात कुठून

वर्षभर आम्ही आळीपाळीने संध्याकाळी काठावर बसलो आणि जे दिसेल ते वहीत लिहिले. त्यातून जे निघाले त्याने माझा स्वतःचा समज बदलला. मला वाटत होते की मासे पुराच्या पाण्याबरोबर येत असतील. मुंबईत पाणी कसे पसरते हे आपण २६ जुलै २००५ ला पाहिले आहे; सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा नाला, नदी आणि रस्ता यांत भेद उरला नव्हता. एरवीही विहार आणि पवई हे तलाव भरून वाहू लागले की त्यांचे पाणी मिठी नदीत जाते, म्हणजे एका तलावातले मासे खालच्या पाण्यात उतरण्याची वाट दरवर्षी उघडते. ही वाट खरी आहे. पण आमच्या तलावाच्या सांडव्याखाली सरळ मोठी पायरी आहे, आणि वरच्या अंगाला डोंगर. तिथून सकर येणे शक्यच नव्हते. आमच्या तलावातला प्रत्येक सकर कोणीतरी पिशवीतून किंवा बादलीतून आणून सोडलेला किंवा अशा सोडलेल्या माशाचे पिल्लू होता.

सोडणारे कोण? शोभेचे मासे पाळणारी कुटुंबे हा सर्वांत मोठा गट. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटला आणि कुर्ल्याच्या रविवारच्या बाजारात थोड्या पैशांत हवा तो मासा मिळतो. मूल हट्ट करते, टाकी घरी येते, वर्षभरात मासा टाकीला मोठा होतो किंवा मूल दहावीला जाते. आमच्या वहीत एक गोष्ट ठळकपणे दिसली : मासे सोडण्याचे प्रकार एप्रिलच्या शेवटी, शाळांना सुट्टी लागल्यावर आणि दिवाळीच्या सुट्टीच्या आधी वाढतात. घरची मंडळी गावाला निघालेली असतात आणि महिनाभर टाकीकडे बघणार कोण, हा प्रश्न असतो. घर बदलताना, इमारत पुनर्विकासाला जाताना हेच होते. दुसरा गट पुण्याच्या भावनेने बाजारातून जिवंत मासे विकत घेऊन पाण्यात सोडणाऱ्यांचा. यात धोका अधिक, कारण बाजारात जिवंत मिळणारा मासा म्हणजे पुष्कळदा थाई मांगूर असतो. हा आफ्रिकेतला मांसाहारी मांगूर; याच्या पालनावर आणि विक्रीवर केंद्र सरकारने २००० मध्ये बंदी घातली, पुढे राष्ट्रीय हरित लवादानेही तिच्या अंमलबजावणीचे आदेश दिले, तरी तो चोरून विकला जातो. देशी मांगुरासारखाच हवेत श्वास घेणारा, ओल्या जमिनीवरून सरपटत जाऊ शकणारा, पण कितीतरी मोठा आणि खादाड.

या लोकांशी बोलताना एक प्रसंग घडला तो मी विसरू शकत नाही. समोरच्या इमारतीतले एक काका संध्याकाळी लाल प्लास्टिकच्या बादलीत दोन सकर घेऊन आले. तलावावर ‘मासे सोडू नयेत’ असा फलक होता. आम्हीच लावला होता, आणि काका त्याच्या खालीच उभे होते. मी त्यांना थांबवून सगळे समजावून सांगितले : बांध, बिळे, खवली, बाबांचे फाटलेले जाळे. त्यांनी शांतपणे ऐकले आणि विचारले, “मॅडम, सगळं पटलं. मग आता मी यांचं काय करू? मारून टाकू? सात वर्षं घरात वाढलेत हे.”

माझ्याकडे उत्तर नव्हते. फलकावरही नव्हते. त्या दिवशी आम्ही बादली घेऊन काकांच्या घरी परत गेलो, आणि तिथे चहा पिता पिता मला कळले की आम्ही चुकीच्या बाजूने काम करत होतो. तलावाकडे येणारी वाट अडवण्यात आमची सगळी शक्ती गेली, पण त्या हातातली बादली दुसरीकडे कुठे रिकामी करायची ते आम्ही सांगितलेच नव्हते.

शिरल्यावर काढता का येत नाही

समितीत तेव्हा काही जणांचे मत होते की येऊ दे येणारे मासे, दरवर्षी जाळी लावून काढून टाकू. हे होत नाही. चिलापी पकडून कमी करता येते, संपवता येत नाही. मोठे मासे काढले की लहानांना खायला जास्त मिळते आणि ते कमी वयात अंडी घालू लागतात. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील लेक डेव्हिस या जलाशयात कोणीतरी पाइक नावाचा शिकारी मासा सोडला होता. तो संपवण्यासाठी १९९७ मध्ये पूर्ण जलाशयात विष घालण्यात आले. त्या पाण्यावर अवलंबून असलेल्या पोर्टोला गावात संतापाची लाट उसळली. आणि १९९९ मध्ये पाइक पुन्हा सापडला. २००७ मध्ये दुसऱ्यांदा तेच करावे लागले. एवढा पैसा, यंत्रणा आणि सलोख्याचे नुकसान एका माशापायी. आपल्याकडे १८६० चा विहार आणि १८७९ चा तुळशी आजही शहराला पिण्याचे पाणी देतात. तिथे विष घालण्याचा विचारही कोणी करणार नाही. हे दोन्ही तलाव बंदिस्त आहेत, तिथे सर्वसामान्यांना प्रवेश नाही, हे त्यांचे मोठे संरक्षण आहे. जिथे काठ सगळ्यांना मोकळा आहे, तिथे मासा पाण्यात पडण्याआधीची पाच मिनिटेच काय ती आपल्या हातात असतात.

२०२३ च्या मे महिन्यात श्रीनगरच्या दल सरोवरात आणि त्याच्या थोडेच आधी भोपाळच्या मोठ्या तलावात अॅलिगेटर गार हा मगरीसारख्या तोंडाचा अमेरिकी मासा सापडला, तेव्हा वर्तमानपत्रांनी त्याचे फोटो छापले. तोही कोणाच्या तरी टाकीतूनच आला असणार. इतक्या दूर तो पोहत येत नाही.

फसलेली जाळी

उपायांपैकी पहिला फसला. सांडवा आणि ओहोळाचे तोंड अशा दोन्ही ठिकाणी आम्ही वर्गणी काढून लोखंडी चौकटीत बारीक जाळी बसवली. कागदावर ते चोख दिसत होते. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात, रात्री अकराच्या सुमारास, दुधाच्या पिशव्या, गुटख्याच्या पुड्या, थर्माकोल आणि सागाची पाने यांनी ती जाळी भिंतीसारखी बंद झाली. पाणी मागे फुगले आणि बांधाच्या कडेने चाळीच्या मागच्या गल्लीत शिरले. चार घरांत घोट्याएवढे पाणी आले. आम्ही पहार घेऊन छातीपर्यंत पाण्यात उभे राहून ती चौकट उपटली. दुसऱ्या दिवशी त्या चार घरी जाऊन माफी मागितली आणि ओल्या गाद्यांची भरपाई समितीने दिली.

या प्रकारात दोन चुका होत्या. मुंबईच्या पावसात, मुंबईच्या कचऱ्यात, रोज साफ न होणारी जाळी पुरालाच आमंत्रण ठरते. आणि जी जाळी पाणी जाऊ देते ती नुकतीच फुटलेली पिल्लेही जाऊ देते, त्यामुळे तिचा उपयोगही आम्ही समजत होतो तेवढा नव्हता. सांडव्याखालची सरळ पायरी हीच खरी जाळी होती. बऱ्याच ठिकाणी सौंदर्यीकरणात अशा पायरीखाली दगड रचून छान उतार करतात आणि मग खालच्या नाल्यातला मासा त्यावरून वर चढू शकतो. आमच्याकडेही तसा प्रस्ताव होता. तो आम्ही लेखी विनंती करून थांबवला. पायरीच्या पायथ्याशी साचणारा राडारोडा मात्र दर पावसाळ्याआधी उपसावा लागतो, नाहीतर पायरी भरून जाते. हे काम कंटाळवाणे आहे आणि त्याचा फोटो काढण्यासारखा नसतो.

परत टाकी

काकांच्या प्रश्नावर विचार करताना समितीतल्या एका ताईंनी निर्माल्य कलशाची आठवण करून दिली. पूर्वी फुलांच्या माळा प्लास्टिकच्या पिशवीसकट तलावात पडत. ‘निर्माल्य टाकू नये’ या फलकाने काही झाले नाही. कलश ठेवल्यावर बदल झाला, कारण श्रद्धेने आणलेली वस्तू सन्मानाने ठेवायला जागा मिळाली. गणपती विसर्जनासाठी कृत्रिम तलाव आले तेव्हाही लोकांनी ते हळूहळू स्वीकारले, ते याच कारणाने. मासा घेऊन येणाऱ्याच्या मनातही त्या जिवाला मोकळे पाणी मिळावे हीच भावना असते. त्या भावनेला जागा द्यायला हवी होती.

म्हणून फाटकाजवळ, पिंपळाच्या सावलीत, पाचशे लिटरच्या दोन प्लास्टिकच्या टाक्या ठेवल्या. त्यांत क्लोरीन उडून गेलेले नळाचे पाणी, हवेचा पंप, वर मांजरे आणि खंड्या पक्षी यांच्यापासून राखण म्हणून जाळीचे झाकण. वर मोठ्या अक्षरांत लिहिले : ‘घरचा मासा इथे द्या. कोणी काही विचारणार नाही.’ शेवटचे वाक्य फार महत्त्वाचे ठरले. रखवालदार काकांना आम्ही सांगून ठेवले आहे की कोणालाही बोल लावायचा नाही. एक वही ठेवली आहे, तिच्यात देणाऱ्याचे नाव नसते. मासा कोणता, केवढा आणि का देत आहात, एवढेच लिहायचे. ‘बदली झाली.’ ‘मोठा झाला, दुसऱ्यांना चावतो.’ ‘आजी गेल्या, त्यांचा होता.’ अशा ओळी तिथे आहेत. एका चौथीतल्या मुलाने आपल्या माशाला पाव आवडतो, असे लिहून ठेवले आहे.

टाकीत आलेल्या माशांचे पुढे काय होते, हा या प्रकरणातला सर्वांत कठीण भाग आहे, आणि तो झाकून ठेवणे बरोबर होणार नाही. लहान आणि निरोगी मासे दोन दुकानदार परत घेतात. हौशी लोक घेऊन जातात, पण त्यांच्याकडून तलावात न सोडण्याचे वचन घेऊनच. मोठा सकर मात्र कोणालाच नको असतो. लवंगेच्या तेलाच्या पाण्यात माशाला गुंगी येते आणि प्रमाण वाढवले की तो वेदनेशिवाय मरतो. मत्स्यपालनात आणि प्रयोगशाळांत हा मार्ग सर्रास वापरला जातो. आम्ही मोठ्या आणि आजारी माशांसाठी तो स्वीकारला. यावर समितीत दोन बैठका वादाच्या झाल्या. अहिंसेचे व्रत पाळणारे आमचे एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले की मी या निर्णयात सही करू शकत नाही, पण तुम्हाला अडवणारही नाही. आणि त्यांनी स्वतःच्या गच्चीवर सिमेंटचा हौद बांधून तीन सकर आणि एक लाल पट्ट्यांचे विदेशी कासव आयुष्यभरासाठी ठेवून घेतले. त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण सगळ्या सकरांना पुरतील एवढे हौद शहरात नाहीत, आणि तलावात सोडलेला एक सकर बिळाबिळांतून जी मरणे घडवून आणतो ती दिसत नाहीत म्हणून कमी होत नाहीत, असे माझे मत तेव्हाही होते आणि आजही आहे.

दुकानदारांशी बोलणे त्यामानाने सोपे गेले. मासा किती मोठा होतो हे टाकीवर लिहून ठेवावे, एवढीच आमची विनंती होती. एका दुकानात आता सकराच्या टाकीवर फूटपट्टी चिकटवलेली आहे.

गप्पी आणि बोटुकली

डासांसाठी गप्पी मासे सोडण्याची पद्धत मुंबईला नवी नाही. १९११ च्या आपल्या अहवालात डॉ. चार्ल्स बेंटली यांनी शहरातल्या विहिरी आणि टाक्या यांचा मलेरियाशी असलेला संबंध दाखवून दिला, आणि विहिरीत मासे ठेवण्याचा उपाय तेव्हापासून चर्चेत आहे. मूळचा दक्षिण अमेरिका आणि कॅरिबियन बेटांवरचा गप्पी आपल्याकडे शंभराहून अधिक वर्षे आहे. त्याच कामासाठी गंबुशिया हा दुसरा मासा १९२८ मध्ये इटलीतून आणला गेला. बंद विहीर, कारंजे, बांधकामावरची टाकी अशा ठिकाणी गप्पीला माझी हरकत नाही, कारण तिथून त्याला बाहेर पडायची वाट नसते. पण शहरी मलेरियाचा डास टाक्या आणि विहिरींत, आणि डेंग्यूचा डास ड्रम, कुंड्यांखालच्या बशा, टायर अशा साठलेल्या पाण्यात वाढतो. जिवंत, मासे असलेल्या तलावात गप्पी सोडून हे डास कमी होत नाहीत. तिथे अळ्या खायला डोक्यावर रुपेरी ठिपका असलेला अॅप्लोकायलस हा पश्चिम घाटाचा आपला मासा आहे; तो पृष्ठभागालगत काठाकाठाने हिंडतो आणि वरून पाहिले तर पाण्यात टाचणीचे डोके चमकावे तसा तो ठिपका दिसतो. आम्ही फवारणीला येणाऱ्या कर्मचाऱ्यांना तो ठिपका दाखवला. तेव्हापासून ते गप्पी सोसायट्यांच्या टाक्यांत सोडतात, तलावात नाही.

मत्स्यबीजाचा अनुभव मात्र कडू होता. एका वर्षी तलावाच्या सुशोभीकरणाचा भाग म्हणून, कोणाला न विचारता, बीजाच्या पिशव्या पाण्यात रिकाम्या करण्यात आल्या. रोहू, कटला सांगितले होते. पुढच्या हिवाळ्यात बाबांच्या जाळ्यात गवत्या आणि सायप्रिनसही आले. सायप्रिनस तळ उकरून पाणी गढूळ करतो, आणि गवत्या खवलीला अंडी घालायला लागणारे पाणगवतच खाऊन टाकतो. आता बीज टाकायचे असेल तर समितीसमोर टाकावे असे ठरले आहे. ऑक्सिजन भरलेल्या पिशव्या पाण्यावर पंधरा-वीस मिनिटे तरंगत ठेवून तापमान जुळवतात, तेवढा वेळ आम्हाला पुरतो. प्रत्येक पिशवीतून वाटीभर बोटुकली, म्हणजे माशांची बोटाएवढी पिल्ले, पांढऱ्या घमेल्यात ओतायची आणि भिंगाखाली पाहायची. चिलापीचे पिल्लू ओळखायला सोपे असते. त्याच्या पाठीच्या परावर, मागच्या बाजूला, काळा ठिपका असतो. असा एक जरी ठिपका दिसला तरी पूर्ण पिशवी परत जाते. एकदा अशा पिशव्या परत गेल्या, तेव्हा बराच आवाज चढला होता.

कायदा आणि अडचण

वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, आक्रमक परक्या प्रजातींची आयात, व्यापार, बाळगणे आणि प्रसार यांवर केंद्र सरकारला नियंत्रण किंवा बंदी घालण्याचा अधिकार प्रथमच दिला आहे. ही मोठी गोष्ट आहे. २०२२ मध्ये माँट्रियल येथे जगभरच्या देशांनी अशा प्रजातींचा शिरकाव २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्टही स्वीकारले. पण संध्याकाळी सात वाजता बादली घेऊन उभ्या असलेल्या माणसाजवळ कायदा पोहोचत नाही. तिथे शेजारीच पोहोचतो.

आजची स्थिती

गेल्या दोन वर्षांत बाबांच्या जाळ्यात नव्या जातीचा परका मासा आलेला नाही. सकर अजून आहेत. चिलापीचे खळगे या मे महिन्यातही काठावर होते आणि ते नाहीसे होतील असे मी कोणाला सांगत नाही. परत टाकीची आठवण करून देणारे कागद आम्ही आता एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आणि दिवाळीच्या आधी प्रत्येक इमारतीच्या लिफ्टजवळ लावतो, कारण गावाला जाणाऱ्यांना ते नेमके तेव्हाच हवे असतात.

तलावातला गाळ काढण्याचे काम आता मंजुरीच्या टप्प्यावर आहे, आणि आमचे सगळे लक्ष तिकडे आहे. लहान तलावातून परके मासे काढता येण्याची हीच एक संधी असते, आणि ती वीस-पंचवीस वर्षांतून एखाद्या वेळी येते. पाणी उपसल्यावर शेवटच्या डबक्यात सगळे मासे गोळा होतात. तिथून खवली, शिंगटा, मरळ हाताने निवडून आधी बाहेर काढायचे, मग चिलापी काढायची, तळ उन्हात तडकेपर्यंत वाळू द्यायचा, आणि बांधातल्या प्रत्येक बिळात चुना भरून ते मातीने ठोकून बंद करायचे, कारण ओल्या बिळात सकर पाण्याशिवायही बराच काळ जिवंत राहतो. हे कंत्राटाच्या अटींत लिहून यावे म्हणून आम्ही निवेदन दिले आहे. निवडलेले देशी मासे दोन महिने ठेवायला दहा मोठ्या टाक्या लागतील. चार टाक्या शाळेच्या मागच्या अंगणात बसतील, दोन देवळाच्या आवारात, आणि गच्चीवरचा सकरांचा हौद सोडून उरलेली जागा आपण देऊ, असे आमच्या त्या ज्येष्ठ सदस्यांनी परवा स्वतःहून कळवले आहे. खवली कोणती आणि चिलापीचे पिल्लू कोणते, हे मजुरांना दाखवायला बाबा बसणार आहेत.